उचलीच्या हिशेबात हृदयही धरा

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
मा. साखर आयुक्त, साखर संकुल, पुणे
लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ

विषय: ऊसतोड मजुरांना असलेला हृदयविकाराचा धोका आणि त्यावर केवळ शिबिरांपुरता उरलेला उपाय

महोदय,

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतील. त्याआधी नेहमीप्रमाणे शिबिरे होतील. दंडाला पट्टा बांधून एकदा रक्तदाब, बोट टोचून एकदा साखर आणि हातात एक घडीपत्रक. पत्रकातला मजकूर ठरलेला असतो: पुरेशी झोप घ्या, ताणतणाव टाळा, ताजी फळे-भाज्या खा, तंबाखू सोडा, रोज अर्धा तास चाला. यातले एकही वाक्य वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने चूक नाही. पण दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्या आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसाला अर्धा तास चालायला सांगणारा कागद छापून येतो, वाटलाही जातो आणि कोणी काही बोलत नाही, याचे नवल वाटते.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागात रक्तदाब मोजणारे, गोळ्या देणारे आणि टोळ्या परतल्या की एप्रिल-मे महिन्यात तीच कार्डे पुन्हा उघडणारे लोक आहोत. ऑक्टोबरात नियंत्रणात असलेला आकडा मेमध्ये का बिघडतो, याचे उत्तर आम्हाला द्यावे लागते. ते उत्तर रुग्णाच्या आळसात सापडत नाही. ते हंगामाच्या अटींमध्ये आहे: गाडी रात्री किती वाजता भरायची, खाडा म्हणजे गैरहजेरी झाली तर उचलीतून (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून) किती कापायचे, भाकरी कशावर भाजायची. या अटी मजूर ठरवत नाही. म्हणून हे पत्र मजुराला नाही, तुम्हाला लिहिले आहे.

आधी शास्त्र थोडक्यात. जखम झाली की जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह शरीराच्या रक्षणासाठीच असतो आणि काम झाले की ओसरतो. धूर, तंबाखू, हिरड्यांतला पू, अपुरी झोप, पोटावरची चरबी, न सुटणारी काळजी ही कारणे रोजची असली की तो ओसरत नाही, कमी पातळीवर चालूच राहतो. इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्ये रक्तात वाढतात, यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन आणि रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन जास्त बनवते, धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होत राहते. कोलेस्टेरॉलचा थर तिथे बसतो आणि दाहामुळे त्या थरावरचे आवरण पातळ होते. ते फाटले की गुठळी होते आणि झटका येतो. २०१७ साली कॅनाकिनुमॅब या औषधाच्या मोठ्या चाचणीत कोलेस्टेरॉल जराही कमी न करता, नुसता दाह कमी करून झटक्यासारख्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. ते औषध महागडे आहे, त्याने घातक संसर्गही वाढले, आपल्या ते उपयोगाचे नाही. उपयोगाचा आहे तो त्यातून मिळालेला पुरावा. त्याआधी २००४ मध्ये ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने पहिल्या झटक्यामागचे नऊ घटक मोजले, त्यात मानसिक-सामाजिक ताण तंबाखू आणि रक्तदाबाच्या रांगेत होता.

“कष्टाच्या शरीराला हार्टचा आजार होत नाही” हे वाक्य गावात ऐकू येते, ते ठीक आहे. अधिकाऱ्यांच्या बैठकीतही ऐकू येते, ते ठीक नाही. व्यायामाने हृदय मजबूत होते, कारण तो थोडा वेळ चालतो आणि नंतर विश्रांती मिळते. दहा-बारा तासांचे अवजड काम, त्यावर मोळ्या वाहणे आणि तुटपुंजी झोप यांत नाडी आणि रक्तदाब दिवसाचा मोठा भाग चढलेलेच राहतात. मोकळ्या वेळातल्या व्यायामाचा फायदा अवजड मजुरीतून मिळत नाही, असे युरोपातल्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. काहींत तर अशा मजुरांचा धोका वाढलेला दिसला.

आता तक्रारी.

पहिली, झोपेची. बाई पहाटे तीन-चारला उठते, स्वयंपाक करते, उजाडायच्या आत फडात असते. दिवसभर तोडणी, बांधणी. गाडी कधी येईल ते चिटबॉय (तोडणीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस) आणि वाहनमालक ठरवतात. रात्री अकराला आली तर अकराला भरायची, दोनला आली तर दोनला. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो आणि धमन्यांना तेवढीच उसंत मिळते. झोप मोडली की हा उतार मिळत नाही, आणि सहा तासांपेक्षा कमी झोप सतत होत राहिली की दाहाची द्रव्ये वाढतात. कारखाना चोवीस तास चालतो, हे मान्य. पण तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा एवढाच साधारण निकष असतो आणि रात्री वजनकाट्यासमोर भरलेल्या वाहनांची रांग उभीच असते. रात्रीचे गाळप संध्याकाळपर्यंत भरलेल्या उसावर चालू शकते. हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे आणि वेळापत्रक कारखान्याच्या शेती विभागाच्या हातात आहे.

दुसरी, धुराची. आशाताई ज्या सीबॅक अर्जावर तिशीपुढच्या माणसांचा धोका नोंदवतात, त्यात स्वयंपाकाचे इंधन विचारले आहे. प्रश्न चांगला आहे. पण तो गावातल्या घरी विचारला जातो. तिथे उज्ज्वलाची शेगडी असते, म्हणून उत्तर ‘गॅस’ असे येते. तीच बाई पुढचे पाच महिने ताडपत्रीच्या खोपीत, तीन दगडांवर, पाचट आणि काटक्या जाळून भाकरी भाजते. अर्ज खरा, उत्तर खरे, आणि निघालेला निष्कर्ष खोटा. धुरातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, तिथल्या पेशी ते गिळतात आणि दाहाची साखळी सुरू होते. खोकला हा त्याचा दिसणारा भाग, धमनीत चाललेले दिसत नाही. खोपीचे तोंड वाऱ्याच्या दिशेने नसले आणि आत एक तान्हे बाळ निजलेले असले की काय होते, ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

उपाय माहीत असलेला आहे. ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वयंघोषणा चालते. एका कोयत्याच्या, म्हणजे तोडणीला आलेल्या नवरा-बायकोच्या जोडीच्या, दोन वेळच्या स्वयंपाकाला दिवसाला ३०० ग्रॅम गॅस धरला तर सिलिंडर सोळा दिवस जातो; पाच महिन्यांच्या हंगामाला नऊ-दहा लागतील. अडचण पुन्हा भरून आणण्याची आहे. फड गावापासून लांब, एजन्सी तालुक्याला आणि सिलिंडर आणायला गेले की खाडा. म्हणून तो कारखान्याच्या वाहनाने फडावर पोचला पाहिजे. नाहीतर मोकळा सिलिंडर खोपीच्या कोपऱ्यात पडून राहील आणि चूल पेटेल.

तिसरी तक्रार कोणत्याही पत्रकात येत नाही, म्हणून जरा सविस्तर. कंबर, गुडघे, खांदे दुखतात म्हणून फडावर रोज वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात. बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक, कधी आयबुप्रोफेन. सोबत आम्लपित्ताची गोळी असली तर असली. काही ठिकाणी “ताकदीचे” म्हणून स्टिरॉइडचे इंजेक्शनही टोचले जाते. डायक्लोफिनॅक दिवसाला १५० मिलिग्रॅम नियमित घेतले तर हृदय-रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना साधारण एक-तृतीयांशाने वाढतात. या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रक्तदाब चढतो आणि रक्तदाबाची गोळी चालू असूनही आकडा नीट उतरत नाही. त्यातच उन्हातले काम. फडावर आडोसा नाही म्हणून बायका मुद्दाम पाणी कमी पितात. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, अंगात पाणी कमी असेल आणि वर डायक्लोफिनॅक पडत असेल, तर मूत्रपिंड काही दिवसांत बंद पडू शकते. मग चिठ्ठीवर ‘औषध नीट घेत नाही’ असा शेरा येतो. रुग्णाला फक्त रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारले जाते. दुखण्यासाठी काय घेता, हे कोणी विचारत नाही.

चौथी, तंबाखू आणि दातांची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूररहित तंबाखू घेत होते, विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के होते. तरी हृदयविकाराच्या फलकावर चित्र सिगारेटचेच! फडावर चुना लावून मळलेली तंबाखू भूक मारते आणि रात्री गाडी भरताना जागे ठेवते. बायकांकडे मिश्री असते, दिवसातून तीन-चार वेळा, कारण ठणकणारा दात तिने थोडा वेळ बधिर होतो. इंटरहार्टच्या माहितीत तंबाखू चघळणाऱ्यांचा झटक्याचा धोका न घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळला. हिरड्यांचा जुनाट आजार हा दाहाचा आणखी एक साठा. हिरड्यांवर उपचार केल्यास सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन उतरते. त्याने झटके टळतात असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा अजून नाही, पण दात ठणकायचा थांबल्याशिवाय मिश्री सुटणार नाही, एवढे आम्ही खात्रीने सांगतो. निकोटिनचे च्युइंगम २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मात्र हलणाऱ्या दातांनी ते चघळता येत नाही; अशांना त्वचेवर लावायची पट्टी द्यावी लागते. तेवढा विचार खरेदी करताना व्हावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्याविषयी इथे लिहून जागा घालवत नाही.

पाचवी, गर्भाशय काढलेल्या बायकांची. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या पाहणीचा आकडा आला: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले. त्यानंतर नव्या शस्त्रक्रियांना परवानगीची अट आली, ती योग्यच. पण ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली, त्या बायकांचे पुढे काय? पंचेचाळिशीच्या आत अंडाशयेही काढली गेली असतील तर इस्ट्रोजेन एकदम थांबते, घातक कोलेस्टेरॉल चढते, धमन्या कडक होतात, हाडे ठिसूळ होतात. अंडाशये ठेवली असली तरी पाळी थांबण्याचा काळ अलीकडे येऊ शकतो. अशी बाई पस्तिशीची असली तरी हृदयाच्या हिशेबात तिला मोठ्या वयाच्या बाईसारखे धरावे लागते. कित्येकींना अंडाशये आहेत की काढली, हेच ठाऊक नसते, कारण डिस्चार्ज कार्ड हातात नाही. १३,८६१ हा आकडा अजूनही भाषणांत येतो. त्या बायकांची वर्षाला एकदा रक्तातल्या चरबीची तपासणी आणि दर तीन महिन्यांनी रक्तदाब, ही नोंद कुठल्याही नमुन्यात आमच्याकडून मागितली जात नाही.

खाण्याविषयी थोडक्यात. भाकरी, ठेचा, खारट चटणी, दिवसातून अनेकदा गोड काळा चहा. भाजी बाजाराच्या दिवशी मिळाली तर. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम आहे, म्हणजे सपाट एक चमचा. घामाने जाणारे मीठ भरून काढायचे म्हणून फडावर ती काटेकोर लावणे बरोबर नाही, पण रक्तदाब असलेल्याने लोणचे-पापड तरी सोडावेत. रेशनचे धान्य दुसऱ्या जिल्ह्यातही उचलता येते, मात्र मिळतात ते बहुतेक गहू-तांदूळ. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांच्या आनंदाच्या शिध्यात एक लिटर पामतेल होते, ज्यातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. एका लिटरने कोणाचे हृदय बंद पडत नाही. पण करडई पिकवणाऱ्या मराठवाड्यात सरकारी पिशवीतून पामतेल आले, हे काही बरे दिसले नाही.

आणि शेवटची तक्रार आमच्याच खात्याच्या कामाची आहे. शिबिर निघण्याच्या आधल्या आठवड्यात घेणे हीच मूळ चूक. रक्तदाबाचे निदान एका आकड्यावर होत नाही. १४०/९० किंवा त्याहून जास्त दोन वेगळ्या दिवशी यावा लागतो. गोळी सुरू केली की तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, महिन्याने पाहून मात्रा वाढवावी लागते. टोळी मेपासून सप्टेंबरपर्यंत गावात असते. ते महिने सोडून आपण तिला ट्रॅक्टरवर चढताना गाठतो.

मोजणेही धड होत नाही. माणूस पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसलेला हवा. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी तुंबलेली नको, दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर, बोलणे बंद. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचे. रांगेत उभे ठेवून, सदऱ्यावरून पट्टा बांधून, नाव-गाव विचारत मोजले की आकडा दहा-पंधराने सहज चढतो. मग निरोगी माणसाला गोळी मिळते आणि खरा रुग्ण ‘घाबरला असेल’ म्हणून सुटतो. कंबरेचा घेर साडीच्या गाठीवर किंवा पट्ट्यावर मोजला जातो. तो शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर घ्यायचा. पुरुषात ९० आणि बाईत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला तर वजन कमी भरले तरी धोका आहे, आणि आमच्याकडे हातपाय काड्यांसारखे आणि पोट सुटलेले अशी माणसे पुष्कळ आहेत.

महामंडळाकडे गाळपाच्या टनामागे निधी जमा होतो. त्यातून महागड्या रक्त-तपासण्यांची ‘हृदय पॅकेजे’ घेऊ नयेत, अशी विनंती आहे. विशेषतः दाह मोजणारी उच्च-संवेदी सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीनची चाचणी. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली कमी धोका, ३ च्या वर जास्त, हे खरे. पण १० च्या वर गेले तर बहुधा संसर्ग किंवा जखम असते आणि दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. फडावरच्या माणसाच्या हाताला पाचटाने कापलेले असते, दात किडलेला असतो, छातीत कफ असतो. त्याचा आकडा चढणारच आणि त्यातून काही कळणार नाही. दाह कुठून येतो ते चाचणीशिवाय दिसते आहे. पैसे तिथे घाला.

आमच्या मागण्या:

१. रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत फडावर गाडी भरून घेऊ नये, असा आदेश गाळप परवान्यासोबत द्यावा.

२. दवाखान्याची चिठ्ठी असलेल्या दिवसाचा खाडा धरू नये आणि उचलीतून त्याची कपात करू नये. ही अट मुकादम-कारखाना कराराच्या छापील नमुन्यात यावी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तो वाटाघाटीत वाढला. याच टेबलावर ही अटही मांडता येते.

३. दर कोयत्याला ५ किलोचा सिलिंडर आणि पंधरवड्याला तो फडावर बदलून देण्याची जबाबदारी कारखान्याची. फडाजवळ फिरते स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याची टाकी.

४. तपासणी मे-जूनमध्ये, वय १८ पासून. जुलै-ऑगस्टमध्ये मात्रा बसवणे. निघताना ९० दिवसांच्या गोळ्या आणि उरलेल्या काळासाठी पोचलेल्या गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आभा क्रमांकावर (डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकावर) त्याच गोळ्या. नोंदीत मूळ गावासोबत कारखाना आणि टोळी लिहावी. मूल होण्याच्या वयातल्या बाईला टेल्मिसार्टन देण्याआधी गरोदरपणाची खात्री करावी. उन्हात काम करणाऱ्याला लघवीच्या गोळीवर ठेवायचे तर आधी सोडियम-पोटॅशियम पाहावे.

५. प्रत्येक रक्तदाब कार्डावर ‘दुखण्याची गोळी कोणती, आठवड्यातून किती वेळा’ हा रकाना. फडाजवळच्या आरोग्य केंद्रात पॅरासिटामॉल आणि लावायची मलमे मुबलक ठेवावीत, स्टिरॉइड टोचणाऱ्यांवर कारवाई व्हावी.

६. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांची स्वतंत्र यादी आणि आयुष्यभराचा पाठपुरावा. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांची सोनोग्राफी करून अंडाशयांची नोंद.

७. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची फिरती गाडी मे ते ऑगस्ट या काळात बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या ऊसतोड गावांत. दात काढणे, हिरड्या साफ करणे आणि मिश्री सोडण्याची मदत एकाच दिवशी, एकाच जागी.

८. आणि ते पत्रक पुन्हा लिहावे. त्यात छातीत दुखले, जबडा किंवा डावा हात भरून आला, घाम सुटला तर मुकादमाची वाट न पाहता १०८ ला फोन करा, हे पहिल्या ओळीत असावे.

पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीवर या हंगामाचे गाळप परवाने देण्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे. बाकीच्यांचे वेळापत्रक डिसेंबरपर्यंत जाहीर केले तरी चालेल. उत्तर आले की ते आम्ही गावांतल्या उपकेंद्रांच्या फळ्यावर लावू.

आपले,
बालाघाट पट्ट्यातील काही डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य कर्मचारी